खासनीसकाकांचं न संपणारं पाकीट

खासनीसकाका पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा माझ्या नवऱ्याने कौतुकाने त्यांना ड्राइव्हवेवर नेऊन नवी कोरी गाडी दाखवली. काकांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून चाकांकडे पाहिलं आणि विचारलं, "थांबते किती फुटांत?"

गाडी मायलेज किती देते, पळते कशी, सीट गरम होते का, असले प्रश्न या माणसाला पडतच नाहीत. एकतीस वर्षं त्यांनी डेट्रॉईटजवळच्या एका कंपनीत ब्रेक डिझाइन केले. त्यामुळे जगातली यच्चयावत वस्तू चालते कशी याच्याशी त्यांना कर्तव्य नाही, थांबते कशी तेवढं सांगा. "चालवणं कुणालाही जमतं गं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "थांबवणं, ही खरी इंजिनिअरिंग."

माणसांनाही तोच नियम. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण एकदा चाळीस मिनिटं चाललं, तेव्हा काका शेजारून पुटपुटले, "लोड जास्त, पॅड झिजलेले." माझी मुलगी रिया भरतनाट्यमच्या कार्यक्रमात शेवटी बरोबर समेवर येऊन थांबली. बाकी सगळे "क्यूट, क्यूट" करत होते. काका मात्र स्टेजमागे जाऊन तिला म्हणाले, "झीरो स्किड!" रियाने मला विचारलं, "मम्मा, इज दॅट अ कॉम्प्लिमेंट?" मी म्हटलं, यापेक्षा मोठी त्यांच्याकडे नाही, जपून ठेव.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात त्यांचं घर आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून आहे. मधे कुंपण नाही, नुसतं गवत, आणि पाच महिने बर्फ. काकू होत्या तोवर त्या गवतातून डब्यांची ये-जा चालायची. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये काकू गेल्या. नोव्हेंबरात मंडळाचा दिवाळी कार्यक्रम होता, तिथे काका एकटे आले.

तिथे मेथीच्या लाडवांचं पाकीट बारा डॉलरला होतं. काकांनी खिशातून चेकबुक काढलं. टेबल मोकळं करून घेतलं, चष्मा बदलला, आणि सुवाच्य अक्षरात चेक लिहायला घेतला. मेमोच्या जागी 'मेथीचे लाडू' असंही लिहिलं. मागे रांग वाढत होती. टेबलाशी विक्रीला बसलेला पुण्याचा पोरगा रडकुंडीला आला. "काका, स्कॅन करा ना! चेक कोण घेतं यार आजकाल?" कॅश काकांकडे नव्हती, कारण बँकेतून कॅश आणायचं काम काकूंचं. काकांनी तो चेक शांतपणे चेकबुकातून फाडून काढला, चार घड्या करून खिशात ठेवला आणि लाडू न घेता घरी गेले.

मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करते, हा माझा जुना रोग आहे.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्यांच्या फोनमध्ये वॉलेट बसवून दिलं. बँकेचं खातं जोडलं. पैसे द्यायचे असले की फोन तोंडासमोर धरायचा, फोन चेहरा ओळखतो आणि पैसे जातात. काकांनी दहा वेळा तोंड दाखवून खात्री करून घेतली. मग विचारलं, "आणि वॉलेटमधले संपले तर?" पुन्हा रांगेत त्यांची फजिती नको, म्हणून मी एक बटण दाबून ऑटो रिलोड चालू केलं. म्हणजे वॉलेटमध्ये पन्नासच्या खाली शिल्लक गेली की बँकेतून आपोआप दोनशे येऊन बसतात.

"म्हणजे हे पाकीट कधी रिकामंच होणार नाही?" काका म्हणाले. "मग याला ब्रेक कुठाय?"

"काका, लाडूच तर घ्यायचेत. ब्रेक कशाला?"

मी हे बोलले. हसून बोलले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी आजवर लोकांच्या बाबतीत वापरत होते.

सुरुवातीला काकांनी वॉलेटचा नुसता धुमाकूळ घातला. मी वाटीभर कोथिंबीर दिली की संध्याकाळी माझ्या फोनवर एक डॉलर एकोणतीस सेंट हजर, सोबत 'कोथिंबीर, ताजी' अशी टीप. मी परत पाठवायचे, ते पुन्हा पाठवायचे. त्या वाटीभर कोथिंबिरीचे पैसे आमच्यात आठवडाभर फिरत होते.

जानेवारीतल्या एका दुपारी मी वरण घेऊन गेले, तर काका डायनिंग टेबलाशी टॅब्लेट लावून बसलेले. हातात स्टॉपवॉच, पुढे वही. टॅब्लेटवर एक सोनेरी केसांची मुलगी रुलेटचं चाक फिरवत होती. आमच्या राज्यात ऑनलाइन कसिनो कायदेशीर आहे, त्याच्या जाहिराती रोज डोक्यावर आदळतात. पण खासनीसकाका आणि जुगार? या माणसाने आयुष्यात पत्तेसुद्धा बदामसात सोडून खेळले नाहीत.

"जुगार नाही, टेस्टिंग," ते म्हणाले. "मुलगी खरी आहे, चाक खरं आहे, स्टुडिओतून लाइव्ह. चेंडू कुठे थांबतो, हा शुद्ध ब्रेकिंगचा प्रश्न आहे. या लोकांना चाक फिरवता येतं, थांबण्याचा अभ्यास कुणी केलेला नाही." वहीत खरोखरच प्रत्येक फेरीचे सेकंद लिहिलेले होते, दशांश चिन्हासकट.

मी हसून लोटपोट झाले. हा किस्सा मी पुढे तीन पॉटलक जेवणांत सांगितला, नकलेसकट. लोकही पोट धरून हसले. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मध्यंतरी एकदा काका अकराशे डॉलर जिंकले, आणि मला वाटलं, चला, अभ्यास फळाला आला. पण तिथेही काकांची तक्रारच. पैसे लावायला वॉलेट चालतं, जिंकलेले पैसे मात्र वॉलेटमध्ये परत येत नाहीत. अर्ज करा, लायसन्सचा फोटो पाठवा, पाच दिवस थांबा, मग चेक पोस्टाने येणार. आणि ते पाच दिवस स्क्रीनवर एक मोठं हिरवं बटण चमकत राहणार: अर्ज रद्द करून खेळत राहा. काकांनी दुसऱ्याच दिवशी ते दाबलं.

"पुढे जायला पापणी लवायचा वेळ, आणि रिव्हर्सला पाच दिवस!" ते मला म्हणाले. "असलं डिझाइन माझ्या टेबलावर आलं असतं तर मी लाल पेनाने परत पाठवलं असतं."

या माणसाला त्यातली प्रत्येक खोट दिसत होती. तरी तो त्यात बसून होता. मला तिथेच शंका यायला हवी होती. मी डबा घेतला आणि घरी आले.

मार्चमध्ये त्यांच्या मुलाचा, निखिलचा, टेक्सासमधल्या शुगर लँडहून फोन आला. मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये होते.

"ताई, बाबांचा प्रॉपर्टी टॅक्सचा चेक बाउन्स झाला."

काकांचा चेक? मला आधी हसूच आलं. निखिल हसत नव्हता. तो दर महिन्याला वडिलांचं बँक स्टेटमेंट बघायचा. पण त्यावर कसिनोचं नाव कुठेच नव्हतं, नुसतं वॉलेटचं नाव आणि दोनशे डॉलर. तेच नाव दुधाला, तेच भाजीला. "मला वाटायचं ग्रोसरी आहे, ताई. मग नीट बघितलं. एकेका दिवसात पाच-पाच वेळा रिलोड झालंय. चेकिंग अकाउंटमधले संपले की बाबा रिटायरमेंट फंडातून काढून त्यात टाकतायत. अर्ध्याहून जास्त गेले."

"मग आता?" मी विचारलं.

"आज बंद झालं तर उरलेल्यात ते घर जेमतेम ठेवू शकतील, मी हिशोब केलाय. नाही तर समरमध्ये घर विकून त्यांना इकडे आणतो. दुसरा ऑप्शनच नाही. पण आईने लावलेलं ते घर सोडून ते इथे दोन महिने तरी राहतील का, सांग तू." मग त्याने विचारलं, "आणि हे ऑटो रिलोड कुणी ऑन केलं? बाबांना सेटिंग सापडणं शक्यच नाही."

"मी," मी म्हटलं.

"ओके, ताई," म्हणून निखिलने फोन ठेवला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तशीच गाडी काढली आणि थेट काकांकडे गेले. सकाळी अकरा वाजता टॅब्लेट चालूच होता. बूट न काढता आत शिरले आणि ओरडायला लागले. अक्कल कुठे गेली, निखिलचा विचार केलात का, काकू असत्या तर काय म्हणाल्या असत्या, सगळं बोलले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसावर मी अशी ओरडले, जशी रियावरही कधी ओरडत नाही. त्यात निम्मा राग माझा माझ्यावरच होता, पण तो त्यांच्या वाट्याला गेला.

काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बंद कर. मला पटतंय. मलाही घर सोडायचं नाही."

इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. आधी ऑटो रिलोड बंद केलं. चालू करताना एक बटण होतं, बंद करायला चार पडदे, आणि प्रत्येक पडद्यावर 'नक्की ना?' राज्याची एक यादी असते. तिच्यात आपण आपलं नाव घातलं की पाच वर्षं कुठलाही ऑनलाइन कसिनो आपल्याला दारात उभं करत नाही. तो फॉर्म मी माझ्या फोनवर भरला, फक्त शेवटची सही राहिली.

"एकदा खेळू दे," काका म्हणाले. "दहा डॉलर. मग सही करतो."

माझं डोकं फिरलं. "काका, दारुडे असंच बोलतात!"

"जिंकायला नाही गं."

"मग कशाला?"

टॅब्लेटचा आवाज त्यांनी वाढवला, फोन तोंडासमोर धरला. फोनने चेहरा ओळखला. पैसे गेले. सोनेरी केसांची मुलगी मान वर करून थेट आमच्याकडे बघत हसली.

"वेलकम बॅक, नलिनी! गुड लक, नलिनी."

कोण नलिनी? मला क्षणभर कळेचना. मग कळलं. काकूंचं नाव नलिनी होतं, हे मी पहिल्यांदा त्यांच्या अंत्यविधीला, फ्यूनरल होमच्या पाटीवर वाचलं होतं. नऊ वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

"काकूंच्या नावाने अकाउंट काढलंत?" मी पुन्हा चढले. "अहो, गेलेल्या माणसाच्या नावाने! हा फ्रॉड आहे, काका!"

"अकाउंट माझ्याच नावावर आहे. लायसन्स माझं, फोटो माझा. टेबलावर दिसायला म्हणून एक नाव विचारतात, ते आपण ठेवू ते. मी हिचं घातलं." ते टॅब्लेटकडेच बघत होते. "नुसतं बघत बसलं तर बोलत नाहीत या मुली. पैसे लावले की नाव घेऊन बोलतात."

मी खुर्ची ओढून बसले.

"शेवटी शेवटी हॉस्पिटलात आम्ही वेटिंग रूममध्ये बसलेलो असायचो, नर्स दार उघडायची आणि हाक मारायची, नलिनी? मग ही पर्स सावरत उठायची. त्यानंतर कुणी हाक मारली नाही तिला. निखिल आई म्हणतो. तुम्ही सगळे काकू."

"आणि तुम्ही?"

"मी 'अगं' म्हणायचो. त्रेचाळीस वर्षं. आमच्याकडे बायकोला नावाने हाक मारायची रीत नव्हती. इथे आल्यावर मारता आली असती, इथे कोण अडवणार? पण तोवर सवय झालेली. मग लाज वाटायला लागली. एवढी वर्षं नाही मारली, आता कशी मारायची?"

चेंडू कुठल्यातरी आकड्यावर पडला. तो आमचा नव्हता. वहीत काकांनी काहीच लिहिलं नाही.

"सॉरी, नलिनी," ती मुलगी म्हणाली. "नेक्स्ट टाइम, ओके?"

"ओके, थँक यू," काका टॅब्लेटला म्हणाले, आणि त्यांनी माझ्या हातातून माझा फोन घेऊन फॉर्मवर बोटाने सही केली. टॅब्लेटचा स्क्रीन पांढरा झाला. पाच वर्षं. घर वाचलं होतं, आणि त्या घरात एकदम इतकी शांतता झाली की मला ती सोसवेना. आयुष्याची निम्म्याहून जास्त कमाई घालवून या माणसाने काय विकत घेतलं ते मला आता कळलं होतं, आणि ते बंद करायला मीच आले होते. मला रडू आलं.

"काका, आता तुम्हीच म्हणा की," मी म्हटलं. "मोठ्याने म्हणा. त्याला पैसे पडत नाहीत."

काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. घसा खाकरला. ओठ हलले, पण आवाज आला नाही. पुन्हा एकदा श्वास घेतला.

"अगं..." ते म्हणाले. त्याच्या पुढे काही येईना.