सेम म्हणायचा अधिकार

गुणवंतभाऊंच्या दुकानात 'सेम' हा शब्द गिऱ्हाइकानं उच्चारलेला खपत नसे. तो अधिकार फक्त त्यांचा. राजापेठेत त्यांचं मॅचिंग सेंटर आहे. साडीच्या रंगाची ब्लाउजपिसं, अस्तर, फॉल एवढाच माल, पण तोरा हिरे विकत असल्यासारखा. एखादी बाई साडीवर कापड धरून म्हणाली, "सेमच आहे, द्या," की भाऊ ते तिच्या हातातून काढून घेत.

"सेम नाही हे. जवयचं हाये. शेजाऱ्याच्या घराले आपलं घर म्हनता का तुमी?"

मग साडी, कापड आणि बाई अशी वरात बाहेर उन्हात निघे. ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "हे लाइट लबाड हाये. सगयं सेम दाखवते." अमरावतीच्या मे महिन्यात मी त्यांच्या पायरीवर डोक्यावर पदर घेऊन, त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत उभी राहिले आहे. हे सगळं आता भूतकाळात लिहावं लागतंय, याचाच मला राग येतो.

प्रत्येक रंगाचं बारसं त्यांनीच केलेलं. हरभऱ्याच्या घाट्याचा हिरवा वेगळा, पाल्याचा वेगळा, कच्च्या संत्र्याच्या सालीचा तर तिसराच. मी शाळेत इंग्रजी शिकवते. एकदा शहाणपणा करायला गेले, "भाऊ, सेम म्हणजे तोच, आणि सिमिलर म्हणजे त्याच्यासारखा. कापडाला सिमिलर म्हणावं."

"मॅडम, सिमिलरवाल्या बायका समोरच्या दुकानात जातेत," भाऊ म्हणाले. आणि खरोखरच ते बायकांना तिकडे पाठवत. मनासारखा रंग नसला की कापड विकायचंच नाही. दुकान कसं चालायचं, देव जाणे.

गेल्या दिवाळीनंतर मी मोरपंखी साडी घेऊन गेले. भाऊंनी ती हातात घेतली, पण उन्हात आले नाहीत. कप्प्यातून एक तागा ओढला आणि म्हणाले, "घ्या. सेम."

कापड राखाडी होतं. मला वाटलं, थट्टा करताहेत.

"भाऊ, हे राखाडी आहे हो."

ते स्टुलावर बसले. बराच वेळ साडीची घडी घालत राहिले.

"डोयाचा पडदा गेला, मॅडम. शुगरनं खाल्ला. रंग सगये धुतल्यावानी दिसतेत. डाक्टर म्हने, आता वापस येत नाही."

"मग दुकान?"

"बंद करून जाऊ कुठी? बायको गेली तवापासून घरी भिंतीच हायेत. अठी बायका भांडाले तरी येतेत." मग म्हणाले, "एक काम करता का? कप्प्याइवर रंगाची नावं लिहून द्या. मोठं अक्षर, जवय गेलं का दिसते मले."

रविवारी मी मार्कर आणि चिठ्ठ्या घेऊन गेले. लाल-पिवळे झटपट उरकले. हिरव्यांपाशी हात अडला.

"हा हरभऱ्याचा का, भाऊ?"

"घाट्याचा का पाल्याचा?"

"ते मला नाही कळत."

त्यांनी तागा डोळ्यांना भिडवला. पायरीवर नेला, उन्हात उलटा-सुलटा केला, परत आणून माझ्यापुढे ठेवला. "नाही सांगता येत," म्हणाले. दुसऱ्याचंही तेच झालं, तिसऱ्याचंही. चौथा त्यांनी उचललाच नाही. मी आपल्या मनानं लिहीत गेले. रडू येत होतं आणि स्वतःची चीडही. पंधरा वर्षं या माणसाशी रंगांवरून भांडले, पण ते रंग एकदाही धड पाहिले नव्हते.

काम संपल्यावर भाऊ एकेक चिठ्ठी नाकाशी नेऊन वाचू लागले. हिरवा. हिरवा. हिरवा. असे अकरा कप्पे झाले.

"सगये हिरवेच का, मॅडम?"

त्यांनी शेवटच्या चिठ्ठीवरून हात फिरवला, तिचा निघालेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला.

"अक्षर चांगलं हाये तुमचं," ते म्हणाले.