झाकलेला आकडा

दर रविवारी संध्याकाळी चष्मेवाले संगणकासमोर बसत आणि सकाळी मोटारसायकलवरून काढलेल्या व्हिडिओत झाकाझाकी करत. येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे, गाड्यांचे नंबर, घराखालच्या आपल्याच चष्म्याच्या दुकानाची पाटी. लोकांच्या खासगीपणाबाबत ते फार दक्ष होते. सगळ्यात शेवटी, दार लोटून घेऊन, ते वेगाच्या आकड्यावर काळी पट्टी चिकटवत. मग तो व्हिडिओ त्यांच्या ‘वादळ’ नावाच्या चॅनेलवरून चार हजार लोकांसमोर जाई.

“दादा, किती पळवली?” लोक विचारत.

“काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या,” चष्मेवाले लिहीत आणि दिवसभर खुशीत असत.

एकदा हे उत्तर बायकोने वाचलं. नेमकी तेव्हा तिची ताई शेजारी होती, आणि ताई होती अपघात विभागात नर्स.

“झाकतायत म्हणजे शंभरच्या पुढेच,” ताईने निदान केलं. “असल्यांना आम्ही रोज टाके घालतो.”

बायकोने गाडीची किल्ली शिवणयंत्राच्या खणात टाकली, खणाला कुलूप लावलं आणि त्याची किल्ली कमरेला खोचली.

“अगं, मी नियमातच चालवतो!”

“मग आकडा कशाला झाकता?”

खरं सांगितलं तर किल्ली मिळणार होती, पण इज्जत जाणार होती. तीन दिवस घरात अबोला चालला. चौथ्या दिवशी बायकोचे डोळे सुजलेले दिसले, तेव्हा मात्र ते विरघळले.

“मूळ व्हिडिओ पाठवतो तुला. एकटीनेच बघ. ताईला दाखवलास तर खबरदार!”

खाली दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. घाईत बोट भलतीकडेच पडलं आणि बायकोकडे जायचा व्हिडिओ थेट ‘वादळ’वर गेला. एकही पट्टी नसलेला. वेग चौतीस. उतारावर सदतीस. एक पोस्टमन सायकलवरून घंटी वाजवत खुशाल पुढे निघून गेला. वर हेल्मेटमधून चष्मेवाल्यांचा आवाज : “सावकाश हं... वळण आहे... घरी वाट बघतायत.”

गिऱ्हाइकाचे डोळे तपासून ते वर येईपर्यंत नऊशे जणांनी तो पाहिला होता.

“वादळ कसलं, झुळूक!”

“दादा, गाडी चालू करायची राहिली काय?”

घामाघूम होऊन ते व्हिडिओ काढून टाकायला धावले, तर बायकोने मनगट धरलं. ती हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

“असे चालवता होय? आणि मी इकडे देव पाण्यात घालून बसले! थांबा, काढू नका. आधी हे वाचा.”

कुणा अनोळखी बाईंनी लिहिलं होतं : “माझे मिस्टर अपघातानंतर दोन वर्षं गाडीला शिवले नाहीत. लोकांचे वेग बघूनच त्यांचे हातपाय गार पडायचे. आज तुमचा व्हिडिओ बघितला, खाली गेले आणि गाडी पुसून आले. तुमचे उपकार कसे फेडू?”

चष्मेवाल्यांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. व्हिडिओ तसाच राहिला.

रविवारी सकाळी फाटकाशी एक जोडपं उभं होतं. नवऱ्याने चकचकीत पुसलेल्या गाडीचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

“दुकानाच्या पाटीवरून शोधलं तुम्हाला,” ते लिहिणाऱ्या बाई म्हणाल्या. आणि त्यांनी हात जोडले.

बायकोने न मागता किल्ली आणून चष्मेवाल्यांच्या हातावर ठेवली.

“तुमच्या मागून यायचं होतं, साहेब,” तो माणूस चाचरत म्हणाला. “पण एक विचारू? मी तुमच्याहून हळू चालवली, तर चालेल ना?”

गाडी घेतल्यापासून आजवर चष्मेवाल्यांना हे कुणीही विचारलं नव्हतं.

“चालेल की हो!” ते त्याचा हात हातात घेऊन म्हणाले. “अगदी निवांत या. मी पुढे थांबत थांबत जाईन.”