बाबांच्या डोक्यावरचं पॉलिश

संध्याकाळी शाळासोबत्यांचा मेळावा होता आणि त्यात बाबांना सगळ्यांत तरुण दिसायचं होतं. बाकीच्यांचे केस पिकलेत, याची त्यांनी फोनवर गोड गोड बोलून खात्री करून घेतली होती. केसांना कलप लावायचं काम मुलाकडे आलं, बुटांना पॉलिश करायचंही. त्यात ऑफिसचं काम होतंच.

मुलगा ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करायचा. कॉम्प्युटरवर चार प्रोग्रॅम एकदम चालावेत आणि एकाने दुसऱ्याच्या मेमरीत हात घालू नये, यावर त्याचं पोट चालायचं.

"एकेक उरक की," बायको म्हणाली.

"अगं, कॉम्प्युटर तरी काय करतो? याचं थोडं, त्याचं थोडं. फक्त इतकं भराभर, की सगळं एकदम चाललंय असं वाटतं."

त्याने फोनवर घंटा लावली. ती वाजली की हातातलं सोडायचं, पुढचं धरायचं.

"अरे, कान राहिला!"

"तुमचा नंबर येईल, बाबा."

पद्धत झकास होती. फक्त कलप आणि पातळ पॉलिश एकसारख्या वाट्यांत ओतलं होतं, आणि पहिल्याच घाईत वाट्यांची अदलाबदल झाली होती.

"काय चमकतायत!" बाबा आरशापुढून हलेनात.

सुनेने नाक पुढे केलं. "बाबा, तुमच्या डोक्याला बुटाचा वास येतोय."

मुलाने बूट हुंगले. त्यांना कलपाचा वास येत होता.

"तिकडे प्रत्येक प्रोग्रॅमभोवती भिंत घालतोस ना?" बायको म्हणाली. "मग घरात वाटीवर साधी चिठ्ठी लावायला काय झालं होतं?"

खाली मित्राची गाडी हॉर्न वाजवत होती. धुवायला वेळ नव्हता.

"जाऊ दे रे," बाबा म्हणाले. "माझ्या डोक्याला कोण कशाला हात लावतंय?"

ते गेल्यावर मुलाने घंटा बंद केली. आता तो एकच काम करत होता, काळजी.

बऱ्याच वेळाने फोटो आला. सगळ्या म्हाताऱ्यांची डोकी काळीभोर, तुकतुकीत. मधोमध बाबा, कापसासारखे पांढरे. पाठोपाठ फोन.

"अरे, एकाने विग आहे का म्हणून चाचपलं. हात काळा झाला, तो त्याने स्वतःच्या केसांना पुसला. मग काय, रांगच लागली!"

"बाबा, सॉरी. तुम्हीच म्हातारे दिसताय."

"सॉरी कसलं? फोटोवाल्याने मला यांचा मास्तर समजून मधल्या खुर्चीत बसवलं. आख्खी शाळा मी मागच्या बाकावर काढली, माहितीय?"