उजवा खांदा, डावा खांदा

मालतीबाई लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या त्या अकरा महिने परतल्याच नाहीत, आणि डोकमर्डीच्या घरात रमाकांत मास्तरांना बुलेटच्या तेलाची आठवण करणारं कोणी उरलं नाही. "अहो, तेल बघितलंत का?" हा प्रश्न जवळजवळ चाळीस वर्षं ऐकून मास्तर वैतागले होते. आता त्याच प्रश्नासाठी कान आसुसले होते. अखेर शहाऐंशी सालच्या इंजिनाने कोरड्या घशाने प्राण सोडला, आणि नेमका त्याच संध्याकाळी फोन आला. "शनिवारी येते. चारच दिवस हं. वापी स्टेशनवर न्यायला या."

वापीहून त्यांना बुलेटवरूनच आणायचं आणि खांद्यावर तो हात हवा, यापलीकडे मास्तरांना काही नको होतं.

सामरवरणीच्या काळू मेस्त्रीने इंजिन उघडून मान हलवली. "सर, पिस्टन जाम झालाय. शनिवारपर्यंत काही होत नाही. दोन हजार सहाचं इंजिन पडलंय माझ्याकडे, तेच टाकून देतो ना."

"अरे, वीस वर्षांचं अंतर आहे!"

"मग काय झालं? जमवून घ्यायचं!"

बोल्टांची भोकं जुळेनात, तेव्हा काळूने पट्ट्या कापून वेल्डिंग मारलं. शुक्रवारी गाडी सुरू झाली. चावी देताना तो म्हणाला, "सर, एक बारीक गोष्ट. आधी गियर उजव्या पायाला होता, ब्रेक डाव्याला. आता उलटं झालंय. बस, एवढंच."

एवढंच म्हणजे केवढं, ते मास्तरांना कारखान्यांच्या रस्त्यावर कळलं. गियर टाकायला जावं तर गाडी थांबे, थांबवायला जावं तर हिसका देऊन पुढे जाई. समोर ट्रक वळला. मास्तरांनी जुन्या सवयीने डावा पाय दाबला आणि गाडी गुरगुरत एका सूत कारखान्याच्या उघड्या फाटकातून आत शिरली. आवारात तिने दोन फेऱ्या मारल्या. पांढरा शर्ट, चष्मा आणि करारी चेहरा बघून सुपरवायझर भास्कर ओरडला, "अरे, इन्स्पेक्शन आ गया! सब टोपी पहनो!"

तिसऱ्या फेरीला चुकून उजवा पाय दाबला गेला आणि मास्तर भास्करच्या पुढ्यात थांबले.

"साहेब, आधी चहा घेणार की रजिस्टर बघणार?"

"पाणी द्या," मास्तर कसेबसे म्हणाले.

गाडी ढकलत ते घरी आले. उद्या सरळ रिक्षा करावी असं डोकं सांगत होतं, पण मन काही ऐकेना.

शनिवारी मालतीबाईंनी मागे बसून खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मास्तरांचे डोळे भरून आले. गाडी सुरू होताच मागून आवाज आला, "आवाज वेगळा येतोय. तेल घातलं नव्हतंत ना?"

पहिल्याच चौकात असा हिसका बसला की बाईंच्या पिशवीतली बाकरवडी रस्त्यावर सांडली. मग सगळी हकीकत बाहेर पडली.

"हात्तिच्या! थांबायचं असलं की मी उजवा खांदा दाबते. गियरला डावा."

दाबत, ओरडत त्यांनी मास्तरांना सुखरूप घरी आणलं. चौथ्या दिवशी लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी ठणकावून सांगितलं, "प्राजक्ता, बाबांचे पाय ताळ्यावर येईपर्यंत मला हलता यायचं नाही."

वास्तविक मास्तरांचे पाय आठवडाभरातच ताळ्यावर आले. एकटे दुधाला जाताना त्यांची गाडी कशी अगदी पाण्यासारखी चाले. बाई मागे बसल्या की मात्र पाय हमखास चुकत. असे दोन महिने सुखात गेले. पण एकदा बाई फोनच्या काचेवर नातीचा पापा घेताना दिसल्या आणि मास्तरांना आपल्या लबाडीची लाज वाटली. ते तडक काळूकडे गेले.

"जुनं इंजिन दुरुस्त करून बसव बाबा. हिला नातीकडे जाऊ दे."

काळूने डोकं खाजवलं. "सर, ते तर भंगारात गेलं. काकूच सांगून गेल्या ना."

"कधी?"

"पुण्याहून आल्या, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. म्हणे, ते रिपेअर झालं तर हे मला लगेच पुण्याला पाठवतील. तुम्हाला बोलू नको म्हणाल्या होत्या."

मास्तरांनी गाडीला किक मारली. सामरवरणीपासून डोकमर्डीपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. घराच्या वळणावर मालतीबाई गॅलरीत उभ्या दिसल्या, तसा मास्तरांनी डावा पाय जोरात दाबला.

"उजवा, अहो, उजवा!" मालतीबाई वरून ओरडल्या.