भाऊजींनी हलकी केलेली पेडलं

दुःखात बुडालेल्या माणसाला वर कसं काढायचं, ते मला विचारा! समजूत घालायची नाही, पाठीवरून हात फिरवायचा नाही. त्याच्यासमोर जाऊन त्याच्याच धंद्यातलं काहीतरी इतकं मूर्खासारखं बोलायचं, की त्याला गप्प बसवणारच नाही. मूर्खासारखं बोलण्याचा मला जन्मभराचा सराव. त्यावरच मी घर चालवलं.

माझे भाऊजी घड्याळं दुरुस्त करायचे. ताई गेली आणि त्यांनी दुकान मुलीच्या हवाली केलं. स्वतः खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. वर्ष होत आलं. खोलीत दिवा लावायचा नाही. चहा आणून ठेवला, तर त्यावर साय धरेपर्यंत नुसतं बघत राहायचं. समोरच्या भिंतीवर ताईचं घड्याळ. ते ती मुद्दाम पुढे ठेवायची आणि नवरा घड्याळजी असून त्याला हात लावू द्यायची नाही. आता ते बरोबर करायला त्यांचा हात धजत नव्हता आणि त्याचे ठोकेही त्यांना ऐकवत नव्हते.

"मामा, बाबा काल रात्री नुसतं बिस्कीट खाऊन झोपले," भाची म्हणाली. "काहीतरी करा ना!"

मी केलं. माझ्या सायकलची दोन्ही पेडलं काढून भाऊजींच्या मांडीवर ठेवली.

ही सायकल भाचीनेच मला दिलेली, गुडघ्यांसाठी म्हणून. ती गच्चीत उभी असायची आणि तिच्यावर टॉवेल छान वाळायचे. पेडलं मात्र शर्यतवाल्यांची. त्यांना म्हणतात क्लिपलेस, आणि बूट तर त्यात खट्‌कन अडकतो! टाच बाहेर वळवली की सुटतो, असा नियम.

"भाऊजी, ही फार जड आहेत हो. हलकी करून द्या. मला वेग मिळत नाही."

त्यांनी एक पेडल हातात तोललं.

"तुझं वजन किती?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"पेडलला विचारून बघ."

वर्षभरात ते पहिल्यांदाच कुणाला टोमणा मारत होते! भाची स्वयंपाकघरात जाऊन रडून आली.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर टेबलावर दिवा, डोळ्याला भिंग आणि पेडलला भोकं! तिसऱ्या दिवशी पेडलमधून पलीकडची भिंत दिसायला लागली. "भाऊजी, एवढं पुरे," असं मी म्हणणार, तोच भाचीने दारातून ओठांवर बोट ठेवलं.

"मामा, गप्प बसा," तिने बाहेर येऊन सांगितलं. "आज ते दोन्ही वेळा जेवलेत. भात मागून घेतला!"

झालं! माझी बोलायची सोयच संपली. पेडलं रोज वाळत चालली, भाऊजी भरत चालले. मी मात्र मनातल्या मनात त्या चाळणीवर माझं धूड बसवून बघत होतो आणि माझीच झोप उडत होती.

मग एकदा भिंतीवर नुसता पांढरा गोल दिसला. घड्याळ टेबलावर उघडं पडलं होतं.

"पेडलमधल्या बूट धरणाऱ्या मूळच्या स्प्रिंगा म्हणजे निव्वळ ओझं," भाऊजी खाली मान घालूनच म्हणाले. "घड्याळाची कापून घातली. पातळ आहे, हलकी आहे. काम चोख करेल."

मी दाराकडे सरकलो.

"उद्या चालवून दाखव," ते म्हणाले. "मी खिडकीतून बघतो."

"खाली या ना."

"नको. खाली लोक असतात. कशा गेल्या म्हणून विचारतात."

हे फसलं, तर हा माणूस पुन्हा खुर्चीत बसणार आणि आता उठणार नाही, हे मला कळत होतं. म्हणून बूट चढवले. खट्! खट्! इमारतीसमोरच्या बागेला एक फेरी मारली आणि थाटात उतरायला टाच वळवली.

बूट जागचा हलेना! दुसरी वळवली. तीही नाही! लहानपणी रस्ता ओलांडताना ताई माझं मनगट असंच धरायची. तेव्हाही सुटका नसायची. थांबावं, तर आडवा होणार. बुटांचे पट्टे सोडायला वाकावं, तर हँडल भलतीकडे. मग काय, मारत सुटलो फेऱ्या!

"वा!" खिडकीतून भाऊजी ओरडले. "थांबतच नाहीये गडी! फरक जाणवतोय ना?"

"जाणवतोय! पाय सुटत नाहीयेत, भाऊजी!"

"पकड चांगली आहे म्हणून!"

"भाऊजी, मी मरेन हो!"

यावर मात्र खिडकी रिकामी झाली. पुढच्या वळणावर पाहतो, तर भाऊजी घरातल्या चपलांनी रस्त्यावर! वर्षभर उंबरा न ओलांडलेला माणूस माझ्यामागे पळत होता. त्यांनी मागून सीट धरली. सायकल थांबली आणि मी झाडासारखा कोसळलो. नडगीतून काडेपेटी चिरडल्यासारखा आवाज आला.

भाऊजींनी पट्टे सोडून माझे पाय बाहेर ओढले. बूट तसेच पेडलला लटकलेले! त्यांनी रस्त्यातच बसकण मारून स्प्रिंग अंगठ्याने दाबली. ढिम्म.

"बघ," ते म्हणाले, "अजून कुणाचं ऐकते का!"

त्यांचे खांदे गदगदत होते. हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. मी स्वतः बोंबलत होतो. माणसं जमली. भाऊजी प्रत्येकाला पेडल दाखवून स्प्रिंग कुणाच्या घड्याळाची, ते सांगत होते. नडगी कुणाची, ते कुणीच विचारलं नाही.

आता माझ्या घरी खिडकीजवळच्या खुर्चीत मी बसतो. माझाही चहा साय धरतो. ताईचं घड्याळ नव्या स्प्रिंगेसह पुन्हा भाऊजींच्या भिंतीवर लागलंय, अजूनही पुढेच. त्यामुळे भाऊजी मला भेटायला रोज वेळेआधी हजर.

काल भाचीला घेऊन आले, माझ्या पायाचं प्लास्टर बोटाने वाजवून पाहिलं आणि पिशवीतून कानस काढली.

"फार जड केलंय रे. आतून बरंच काढता येईल."

"भाऊजी, आत माझा पाय आहे!"

"तेच म्हणतोय."

मी घाबरून भाचीकडे पाहिलं. तिने ओठांवर बोट ठेवलं.