डिकी उघडायला लावणारा धोंडू

"उद्या तुम्हाला परत कामावर घेतलं आणि साहेबांची गाडी गेटवर आली, तर पुन्हा अडवाल?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

फक्त नाही म्हणायचं होतं. आमच्या वकिलाने आदल्या दिवशी तसं घोकवून घेतलं होतं. पिंजऱ्यातला धोंडू ताठ झाला आणि म्हणाला, "अडवणार. डिकी पण उघडायला लावणार."

आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला. कंपनीचा वकील हसत खाली बसला. मागच्या बाकावरून मी ओरडले, "मेल्या, घालवलंस सगळं!" तर पट्टेवाल्याने मलाच दटावलं.

धोंडू माझा शेजारी. रत्नागिरीत टीव्ही नवीन होता तेव्हाची गोष्ट. मिरकरवाड्याजवळ मुंबईच्या एका मोठ्या कंपनीची कोळंबी गोठवायची फॅक्टरी होती, तिच्या गेटवर हा वॉचमन. कामाची सवय घरी आणायचा. मी बाजारातून आले की कुंपणावरून विचारायचा, "आत काय हाय, काकी?"

"बांगडे."

"उघडून दाखवा."

दाखवल्याशिवाय हलायचा नाही. बघून झालं की "जावा" म्हणून हात करायचा. माझ्याच घरात शिरायला मला याची परवानगी! भावकीतल्या एका लग्नात त्याने नवरीची ट्रंक उघडायला लावली. वरात दारात खोळंबली.

तपासल्याशिवाय एकही गाडी बाहेर सोडायची नाही, हा हुकूम फॅक्टरीच्या साहेबाचाच. एक दिवस साहेब मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन आपल्या पांढऱ्या अँबॅसिडरमधून निघाला. धोंडूने कडक सलाम ठोकला आणि गाडी अडवली. डिकीत आंब्याच्या पेट्या होत्या. याने त्याही उघडल्या, आतला पेंढा उपसून बघितला. पाहुणे हसले. साहेब हसला नाही. संध्याकाळी धोंडूला उद्धट म्हणून काढून टाकलं. चौकशी नाही, काही नाही.

साक्षीत असा घोळ घातल्यावर कंपनीने निरोप धाडला, हिशेबाचे पैसे घे आणि केस सोड. वकील म्हणाला, घे. मीही म्हटलं, घे बाबा, आता कसला जिंकतोस तू.

"नको. माला गेट पायजे."

"त्या गेटाखाली काय सोनं पुरलंयस?"

 त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा मुंबईला, गणपतीलासुद्धा यायचा नाही.

"माज्या दारातून दिवसभर कोण आत येत नाय, कोण भायर जात नाय, काकी," तो म्हणाला. "तितं शिफ्ट सुटली की कोळंबी सोलणाऱ्या पोरी नावानं हाक मारतात."

मग मी पुन्हा हिशेबाचं नाव काढलं नाही. 

चौकशी न करता काढलं म्हणून कोर्टाने त्याला परत कामावर घ्यायला लावलं. तुझ्या उत्तरामुळे जिंकलो नाही, उत्तर देऊनही जिंकलो, हे वकिलाने त्याला समजावून सांगितलं. त्याला ते पटलं नाही.

निकालाच्या दिवशी मुलगा आला नव्हता. धोंडूचं माणूस म्हणून बाकावर मी होते.