एका मातोश्रींच्या दोन जाहल्या, त्याची हकीकत

शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, आषाढमास, इंग्रजी सन २०२५. ते साली सिंगापूर बेटी, क्वीन्सटाउन मुक्कामी, बाराव्या मजल्यावरील भाड्याचे फ्लॅटात राजश्री देवदत्त श्रीनिवास खांबेटे यांचे मातोश्रींवर जो प्रसंग गुदरला, आणि एका बाईच्या दोन होऊन पुन्हा एक कशी जाहली, ते वर्तमान घडले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले नाही, लाजेस्तव वगळले नाही.

देवदत्तराव कंत्राटी सरदार. एका सरकारी खात्याचे संगणक राखीत. त्या खात्याचे दरवाजातून आत जावयास सिक्युरिटी क्लिअरन्स नामे परवाना लागे. परवाना माणसाचे नावचा खरा, परंतु त्याचा जीव कंपनीचे पदरी. गुरुवारी सायंकाळी जुन्या कंपनीचा करार सरला आणि नव्या कंपनीची चाकरी सोमवारी लागणार. काम तेच, खुर्ची तीच, खुर्चीवर टाकलेला स्वेटरही तोच. परंतु मधले तीन दिवस देवदत्तराव कोणाचेच पदरी नव्हते, आणि तेवढियात परवान्याने प्राण सोडिला. सोमवारी दरवाजाने त्यांस ओळख दिली नाही. मग नव्या कंपनीचा खलिता आला की, तीस दिवसांत परवाना नवा करून आणावा, न आणिल्यास नेमणूक रद्द. नेमणूक रद्द म्हणजे बेटावर राहावयाचा सरकारी पास रद्द, आणि पास रद्द म्हणजे बिऱ्हाड गुंडाळून पुण्यास कूच.

फॉर्म बेचाळीस पानांचा. सूनबाई इशिताबाई लॅपटॉप घेऊन मोर्चावर बसल्या आणि मातोश्री सुलेखाबाईंस पाचारण जाहले. बाईंचे वय त्र्याहत्तर, तीन महिन्यांकरिता पुण्याहून आलेल्या, आणि सर्व जुने पत्ते घरात त्यांसच पाठ. त्या कोथरूडचे बिऱ्हाड, त्याचा मालक, आणि मालकाची मधली मुलगी कोठे दिली येथवर सांगत्या जाहल्या. तेव्हा देवदत्तराव म्हणाले, "आई, मुलगी राहू दे, पिनकोड सांग." आणि कंपनीचा फोन घेऊन आत गेले.

पंधराव्या पानी मातेचे नाव व जन्मतारीख पुसली होती, आणि वर लिहिले होते की, खोटे लिहील त्यास कैद. बाईंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचिले, आणि कैदेच्या धाकाने अगदी खरे ते सांगितले. नाव निशिगंधा, जन्म कोजागरीचा. सुलेखा हे लग्नात मिळालेले नाव. आणि पासपोर्टातील एक जून ही तारीख शाळेत नाव घालिते समयी हेडमास्तरांनी लाविलेली, वर्गातील एकवीस मुलींस एकच. सासूबाईंचे नाव सासूबाईंस ठाऊक नसेल तर कोणास, ऐसे मनी आणून इशिताबाईंनी कोजागरीची इंग्रजी तारीख मोबाइलवर काढिली आणि फॉर्म रवाना केला.

दहावे दिवशी फर्मान आले. उमेदवाराची माता तीन वर्षांमागील अर्जात सुलेखा होती, जन्म जूनचा. हल्ली निशिगंधा आहे, जन्म ऑक्टोबरचा. तरी पहिल्या मातेचे काय जाहले आणि दुसरी केव्हा रुजू जाहली, याचा खुलासा करावा. दुसरीने जातीने हजर व्हावे.

देवदत्तराव फर्मान घेऊन मातोश्रींपुढे आले. "आई, एक्कावन्न वर्षं सुलेखा म्हणून काढलीस. मग आत्ताच काय सुचलं?"

"आजवर कुणी विचारलं नव्हतं रे."

मग बाई नारायणपेठ नेसून, पुत्रास दुभाषी घेऊन, एमआरटीने दोन स्टेशने मजल मारून वन-नॉर्थजवळील कचेरीत दाखल जाहल्या. तेथे क्वेक मॅडम नामे अधिकारी पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, मुद्रा कठीण. त्यांनी नाव बदलल्याचा दस्त मागितला. बाईंनी सांगितले, दस्त ताटातील तांदळांत, यजमानांनी अंगठीने लिहिला. मॅडमनी विचारिले, ते तांदूळ सांप्रत कोठे आहेत. बाई म्हणाल्या, "दुसऱ्याच दिवशी शिजवले. चाळीस माणसं होती पंगतीला."

देवदत्तरावांनी घाम पुसला आणि भाषांतर केले. मॅडमनी पेन खाली ठेविले.

"माय मदर ऑल्सो सेम, लाह. आयडेंटिटी कार्ड वन नेम, होम अनदर नेम. बर्थडे ऑल्सो राँग." आणि मग, "सो व्हिच नेम यू वॉन्ट, आंटी?"

देवदत्तराव कानाशी कुजबुजले की, आई, पासपोर्टातले सांग, आता नको. बाईंनी पुत्राकडे पाहिले, मग मॅडमकडे पाहिले, आणि आयुष्यात प्रथमच साहेबी कचेरीत इंग्रजी बोलल्या.

"बोथ. निशिगंधा फर्स्ट."

तैसेच शपथपत्र जाहले, शिक्का पडला, दोन मातोश्री कायद्याने एक जाहल्या, आणि एकोणतिसावे दिवशी परवाना जिवंत होऊन आला. मोहीम फत्ते.

पुढे देवदत्तराव त्याच खुर्चीवर कायम राहिले, आणि एक करार संपण्यापूर्वीच दुसऱ्यावर सही करू लागले. क्वेक मॅडमनी आपल्या आईची खरी जन्मतिथी हुडकून तिला त्या दिवशी जेवावयास नेले, ऐसे ऐकिवात आहे. इशिताबाईंनी लग्नात नाव बदलिले नव्हते. परंतु त्यांनी नाशकास फोन करून आपल्या आईस तिचे माहेरचे नाव पुसले, ते त्यांस ठाऊक नव्हते. आणि बाई पुण्यास पोचताच बँकेत गेल्या आणि खात्यावरील नाव बदलण्याचा अर्ज मागितला. कारकुनाने कारण पुसले, तेव्हा कारणाचे रकान्यात स्वहस्ते लिहिले की, सिंगापुरात कसून चौकशी होऊन मी तीच असल्याची खात्री जाहली आहे.